टेस्ला कॉइलचा कपॅसिटर निवडताना

१४ मे २०२३ च्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, मी घरी बनवलेली टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत विजेच्या लांब ठिणग्या सोडणारे यंत्र, काहीही न जळता आणि न फुटता पूर्ण एक मिनिट चालली. त्याआधी ती दोनदा चालली होती आणि दोन्ही वेळा तिच्यातल्या कपॅसिटरने, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या भागाने, जीव सोडला होता. तार कशी गुंडाळावी, वरचे अ‍ॅल्युमिनियमचे कडे कसे करावे, स्पार्क गॅप (ठिणगी उडण्यासाठी ठेवलेली फट) कशी रचावी याबद्दल वाचायला भरपूर मिळते. कपॅसिटरबद्दल मात्र बहुतेक ठिकाणी ‘योग्य क्षमतेचा घ्यावा’ एवढ्यावर भागवलेले असते. माझे पाच महिने आणि बरेचसे पैसे या ‘योग्य’ शब्दाचा अर्थ लावण्यात गेले, म्हणून तेवढाच भाग येथे क्रमाने लिहून ठेवत आहे.

मी नाशिकला एका बँकेत नोकरी करतो. बावीस वर्षांपूर्वी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली होती, पण त्यानंतर हातात सोल्डरिंग गन क्वचितच आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका जुन्या पाट्या बनवणाऱ्या कारागिराकडे लोखंडी गाभ्याचा निऑन ट्रान्सफॉर्मर धूळ खात पडलेला दिसला. ९,००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअर. एलईडी आल्यापासून निऑनच्या पाट्या जवळजवळ संपल्या आहेत, त्यामुळे असे ट्रान्सफॉर्मर आता भंगाराच्या वाटेवरच सापडतात. त्यांनी २,८०० रुपये सांगितले आणि मी घासाघीस न करता दिले. येथे एक सूचना करावीशी वाटते : नव्या पद्धतीचे, वजनाला हलके असे इलेक्ट्रॉनिक निऑन ट्रान्सफॉर्मर या कामाला उपयोगी पडत नाहीत. उचलताना कंबरेला जाणवेल असाच घ्यावा.

डिसेंबरचे पहिले दोन आठवडे कागदावर आकडेमोड करण्यात गेले. ठिणगीवर चालणाऱ्या टेस्ला कॉइलमध्ये ट्रान्सफॉर्मर कपॅसिटर भरतो, विजेचा दाब (व्होल्टेज) पुरेसा चढला की स्पार्क गॅप पेटते आणि साठलेली सगळी वीज जाड तांब्याच्या प्रायमरी वेटोळ्यातून पुढेमागे हेलकावू लागते. त्या हेलकाव्यांची वारंवारता सेकंडरीच्या, म्हणजे बारीक तारेच्या उंच वेटोळ्याच्या, नैसर्गिक वारंवारतेशी जुळली की वरच्या कड्यातून विजेच्या जिभा बाहेर पडतात. म्हणजे कपॅसिटरचे ट्रान्सफॉर्मरशीही जमले पाहिजे आणि प्रायमरीशीही. ट्रान्सफॉर्मरशी जमण्याचा हिशेब सोपा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या प्रवाहाला दाब, वारंवारता आणि ६.२८ यांच्या गुणाकाराने भागले की त्याच्याशी अनुनाद साधणारी, म्हणजे त्याच्याच लयीत झुलणारी, धारिता (कपॅसिटरची भार साठवण्याची क्षमता) मिळते. माझ्या ट्रान्सफॉर्मरसाठी ती १०.६ नॅनोफॅरड येते. इंटरनेटवरच्या एका तयार तक्त्यात मात्र ८.८ असा आकडा होता आणि दोन रात्री मी माझी चूक शोधत बसलो. चूक माझी नव्हती. तो तक्ता अमेरिकेतला, ६० हर्ट्झचा होता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. तयार तक्ते वापरणाऱ्यांनी सर्वांत आधी हे पाहावे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अनुनादाचा १०.६ हा आकडा गाठायचा नसतो, टाळायचा असतो. त्या आकड्यावर ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर एकमेकांना झोके देऊ लागतात, आणि काही कारणाने स्पार्क गॅप पेटली नाही तर दाब नऊ हजारांच्या कितीतरी वर चढून दोघांपैकी एकाचा बळी घेतो. स्थिर (न फिरणारी) स्पार्क गॅप असेल तर अनुनादी आकड्याच्या साधारण दीडपट धारिता घ्यावी, असा अनुभवी मंडळींचा संकेत आहे. माझ्यासाठी ती १६ नॅनोफॅरडच्या आसपास आली. दाबाचेही तसेच. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले ९,००० व्होल्ट हे परिणामी (आरएमएस) मोजमापाचे असतात. लाटेचे शिखर १.४१४ पट, म्हणजे सुमारे १२,७०० व्होल्टवर असते. १६ नॅनोफॅरड आणि १२,७०० व्होल्ट हे दोन आकडे मी वहीच्या मुखपृष्ठावर लिहिले आणि निवड झाली असे समजलो. खरे तर तेव्हा ती निम्मीसुद्धा झालेली नव्हती.

पहिला प्रयत्न स्वस्ताईचा होता. काचेच्या बाटलीत मिठाचे पाणी भरून ती मिठाच्याच पाण्यात उभी केली की काच मध्ये ठेवून दोन वाहक समोरासमोर येतात आणि कपॅसिटर तयार होतो. १७४५-४६ च्या सुमारास निघालेल्या लायडन जारचेच हे स्वयंपाकघरातले रूप आहे. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे खुद्द निकोला टेस्ला यांनीही मिठाच्या पाण्याच्या बाटल्या वापरल्या होत्या, तेव्हा मलाही धीर आला. रद्दीवाल्याकडून ६५० मिलिलिटरच्या बिअरच्या चौदा रिकाम्या बाटल्या तीन रुपयांना एक या भावाने आणल्या. त्या पिशवीतून जिन्याने वर नेताना खणखणल्या आणि शेजाऱ्यांच्या नजरेला जे उत्तर द्यावे लागले, त्याचा खर्च या हिशेबात धरलेला नाही. पत्नीने एवढेच म्हटले, “अहो, निदान लेबले तरी धुऊन काढा.”

लेबले धुतली, बाटल्या खांद्यापर्यंत भरल्या, वर खाद्यतेलाचा पातळ थर दिला, कारण पाण्याच्या काठाशी विजेची निळी धुगधुगी उठून काच तिथेच आधी खराब होते. एका परिचितांकडून आणलेल्या धारिता मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर प्रत्येक बाटली ०.७ ते ०.९ नॅनोफॅरड भरली आणि चौदा मिळून ११.२ झाली. १५ जानेवारीला संक्रांत होती. दिवसभर गच्चीवर पतंग होते, म्हणून अंधार पडल्यावर खालच्या मोकळ्या जागेत प्रयोग केला. कड्यातून १२ सेंटिमीटरच्या जांभळट जिभा निघाल्या. पाण्याच्या टबातून मात्र तळणीत पाणी पडल्यासारखा सतत आवाज येत होता आणि दुसऱ्या मिनिटाला एका बाटलीच्या बुडाच्या कडेला बारीक भोक पडून सगळी वीज तिथूनच जाऊ लागली.

रात्री वही उघडल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की, काच ही या कामात फार खादाड असते : तिच्यातून दर हेलकाव्याला थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि काठाची धुगधुगी आणखी खाते, त्यामुळे जिभांपर्यंत थोडेच पोहोचते. दुसरी गोष्ट लाजिरवाणी होती. १०.६ टाळायचे असे स्वतःच्या हाताने लिहून मी ११.२ वर प्रयोग केला होता. बाटली फुटली नसती तर ट्रान्सफॉर्मर गेला असता. ज्यांना बाटल्यांनीच सुरुवात करायची असेल त्यांनी खुशाल करावी, खर्च शंभर रुपयांच्या आत राहतो, पण बाटल्या पुरेशा संख्येने लावाव्यात. माझ्या ट्रान्सफॉर्मरला वीस लागल्या असत्या. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांत संरक्षक गॅप आधी बसवावी. ती एकट्या ट्रान्सफॉर्मरवर जेमतेम पेटत नाही इतकी उघडी ठेवायची असते.

आता तयार कपॅसिटरांकडे वळलो. १२,७०० व्होल्ट झेलणारा एकच कपॅसिटर घ्यायचा तर तो औद्योगिक वापराचा, महागडा आणि सुट्या ग्राहकाला मिळणे कठीण असा असतो. त्यामुळे छंदी लोक लहान कपॅसिटरांची एकसर (एकापुढे एक) जोडणी करतात : दहा जोडले तर दाब दहांत वाटला जातो आणि धारिता एकदशांश होते. अशा ओळी गरजेप्रमाणे समांतर लावायच्या. ११ फेब्रुवारीला, शनिवारी, सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरलो आणि लोकलने ग्रँट रोडला गेलो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव कागदोपत्री आहे, पण कोणालाही विचारताना लॅमिंग्टन रोड असेच म्हणावे लागते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा बाहेरगावच्यांनी शनिवार गाठावा आणि अकराच्या आधी पोहोचण्याची घाई करू नये.

चार दुकानांत मला आधी पंख्याचे कंडेन्सर दाखवले गेले. कपॅसिटर म्हटल्यावर गल्ल्यावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर तेच येते. पाचव्या दुकानात तपकिरी रंगाचे, ०.१ मायक्रोफॅरड (म्हणजे १०० नॅनोफॅरड) आणि १,६०० व्होल्ट असे छापलेले कपॅसिटर मिळाले. “साहेब, एकदम पॉलिप्रॉपिलीन, टीव्हीवाले हेच नेतात,” असे दुकानदार म्हणाले. पॉलिप्रॉपिलीन हा शब्द ऐकूनच मी सुखावलो, कारण उच्च वारंवारतेवर ते पॉलिस्टरपेक्षा कितीतरी कमी तापते हे वाचलेले होते. माहितीपत्रक आहे का असे विचारल्यावर ते हसले. बारा रुपयांना एक. चौदांची एक ओळ, अशा दोन ओळी, म्हणून अठ्ठावीस आणि दोन वरकड, असे तीस घेतले. एकूण ३६० रुपये. परतीच्या गाडीत हिशेब पुन्हा केला : १४.३ नॅनोफॅरड आणि छापील दाब २२,४०० व्होल्ट. बाटल्यांच्या मानाने हे राजेशाही वाटत होते.

२६ फेब्रुवारीच्या रविवारी ते लावून कॉइल चालवली. पहिली चाळीस सेकंदे अतिशय सुंदर गेली. जिभा ३० सेंटिमीटरपर्यंत पोहोचल्या आणि नववीत शिकणारी माझी मुलगी दूर उभी राहून मोठ्याने सेकंद मोजत होती. मग जिभा आखूड होऊ लागल्या, प्लास्टिक करपल्याचा वास आला आणि मी वीज बंद केली. कोविडच्या काळात घेतलेली तापमान मोजण्याची बंदूक पृष्ठभागाच्या पर्यायावर ठेवून एकेका कपॅसिटरवर धरली, तेव्हा बहुतेक ३४ अंशांवर होते, पण तीन ६० च्या वर होते आणि त्यांची टोके फुगली होती. मीटरवर मोजल्यावर ०.१ ऐवजी एकाची धारिता ०.०६ भरली. छापील दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक दाब प्रत्येकाच्या वाट्याला येत असताना हे का व्हावे, ते मला कळेना.

त्यातला एक फुगलेला कपॅसिटर मी रात्री कातरीने उघडला. आत फिल्मची गुंडाळी होती, सिगारेटच्या चांदीसारखी चकचकीत. तिच्या दोन्ही टोकांना धातूचा फवारा मारून तार चिकटवलेली असते. त्या टोकांशी फिल्मवरचा धातूचा मुलामा उडून कडा पारदर्शक झाल्या होत्या. म्हणजे दाबाने फिल्म फुटली नव्हती. प्रवाहाने तिचा जोड जाळला होता. मुलगी शेजारी बसून हे पाहत होती. तिने विचारले, “बाबा, हे नक्की पॉलिप्रॉपिलीनच आहे कशावरून?” मी म्हटले, दुकानदारांनी सांगितले. ती स्वयंपाकघरातून पेलाभर पाणी घेऊन आली. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याहून कमी, सुमारे ०.९ असते आणि पॉलिस्टरची १.३८ च्या जवळपास. म्हणजे एक तरंगणार आणि दुसरे बुडणार. पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा थेंब टाकला, म्हणजे फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटावेत. नखाएवढा तुकडा आत सोडला. तो सावकाश, गिरक्या घेत तळाला जाऊन बसला.

त्या पेल्यानंतर मी छापील आकड्यांकडे पाहण्याची पद्धत बदलली. मार्च महिना पूर्ण वाचनात गेला आणि आधी चुकलेला हिशेब मी या वेळी केला. माझी सेकंडरी ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी नळीवर २८ गेजच्या तारेचे सुमारे १,१०० वेढे देऊन केलेली आहे. वरच्या कड्यासह तिची वारंवारता २०९ किलोहर्ट्झच्या आसपास येते. ‘जावाटीसी’ नावाचे संगणकावरचे गणक हेच काम क्षणात करते, पण एकदा हाताने करून पाहावे. १५ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरशी ही वारंवारता जुळायला प्रायमरीचे प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा वेटोळ्याचा गुण) ३८.७ मायक्रोहेन्री हवे. मग शिखरावरचा प्रवाह किती? दाबाला धारिता भागिले प्रेरकत्व याच्या वर्गमुळाने गुणायचे. उत्तर २५० अँपिअर आले. भिंतीतल्या सॉकेटमधून सव्वा अँपिअर घेणारे हे यंत्र आत, काही मायक्रोसेकंदांपुरते का होईना, अडीचशे अँपिअर खेळवते. कपॅसिटरवरचा दाब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २.४ मायक्रोसेकंदांत उलटतो, आणि हे दर सेकंदाला साधारण शंभर ठिणग्यांमध्ये पुन्हा पुन्हा घडते.

येथेच ‘योग्य’ या शब्दाची खरी गाठ होती. कपॅसिटर किती दाब सहन करतो याइतकेच, तो दाब किती वेगाने बदललेला सहन करतो हे पाहावे लागते. माहितीपत्रकात हा आकडा दर मायक्रोसेकंदाला अमुक व्होल्ट असा दिलेला असतो आणि त्याला धारितेने गुणले की तो किती शिखर-प्रवाह झेलेल ते कळते. ०.१५ मायक्रोफॅरडचे दहा कपॅसिटर एका ओळीत लावायचे तर २५० अँपिअरसाठी प्रत्येकाची ही क्षमता निदान १,६७० हवी. माझ्या तपकिरी कपॅसिटरांना दोन ओळी असूनही १,२५० लागत होती, आणि साध्या मुलामा दिलेल्या फिल्मच्या कपॅसिटरांत हा आकडा पुष्कळदा दोन किंवा तीन अंकीच असतो. त्यांनी चाळीस सेकंदे दिली हीच त्यांची कृपा म्हणायची.

मधल्या काळात इंडक्शन शेगडीतल्या कपॅसिटरांचाही विचार केला, कारण ते दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात मिळतात. ०.३३ मायक्रोफॅरड, १,२०० व्होल्ट, खरोखरचे पॉलिप्रॉपिलीन आणि जड प्रवाहासाठीच बनवलेले. बावीस एकसर जोडले तर नेमके १५ नॅनोफॅरड होतात, छापील दाब २६,४०० व्होल्ट होतो आणि बदलाचा वेग प्रत्येकी सुमारे ७६० च पुरतो. गावातल्या भावाने ७७० रुपयांत काम झाले असते. परंतु दुकानात जे सुटे मिळत होते त्यांवर निर्मात्याचे नाव ओळखीचे नव्हते आणि पत्रक कुठेच सापडेना. ज्याला नावाजलेल्या कंपनीचे, पत्रकासह, असे बावीस नग मिळतील त्याने माझ्या मते हाच मार्ग धरावा. मी फेब्रुवारीत पोळलो होतो, म्हणून ताकही फुंकून पीत होतो.

शेवटी कॉर्नेल ड्युबिलिअर कंपनीच्या ९४२सी या मालिकेतले ०.१५ मायक्रोफॅरड, २,००० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर निवडले. टेस्ला कॉइल करणाऱ्यांमध्ये ते अनेक वर्षांपासून वापरात आहेत आणि पत्रकातला बदलाच्या वेगाचा आकडा मला हव्या असलेल्या १,६७० च्या बराच वर होता. दहा एकसर म्हणजे १५ नॅनोफॅरड आणि २०,००० व्होल्ट. एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये : छापलेले २,००० व्होल्ट हे डीसीचे असतात, आणि एसीसाठी त्याच पत्रकातली मर्यादा बरीच खालची असते. अखंड चालणाऱ्या यंत्रात अशी जोडणी कोणी मान्य करणार नाही. आपण ती एक मिनिट चालवून तीन मिनिटे थांबवतो, या अटीवरच हा व्यवहार निभतो.

३ एप्रिलला एका परदेशी वितरकाकडे बारा नगांची मागणी नोंदवली. दहा लावायला, दोन राखीव. प्रत्येकी ४३० रुपयांप्रमाणे ५,१६० आणि वाहतुकीचे १,२००. पार्सल तीन दिवसांत मुंबईला पोहोचले आणि तिथेच बसले. ६ तारखेला कुरिअरकडून ओळखपत्रांची मागणी आली. मी आधार आणि पॅन पाठवले, तर दोन दिवसांनी ते परत आले, कारण पार्सल बँकेच्या पत्त्यावर मागवले होते आणि आधारवर घरचा पत्ता होता. मग घरच्या पत्त्याचे वीजबिल, वितरणाचा पत्ता बदलण्याचा अर्ज आणि ‘वस्तू कशासाठी वापरणार’ याचे स्वाक्षरी केलेले पत्र, असे तीन कागद गेले. त्या पत्रात टेस्ला कॉइल हा शब्द लिहावा की नाही यावर मी अर्धा तास घालवला आणि अखेर ‘शैक्षणिक प्रात्यक्षिकासाठी प्लास्टिक फिल्म कपॅसिटर, विक्रीसाठी नाही’ असे लिहिले. सोबत बिलावरचा वर्गीकरण क्रमांक ८५३२ ठळक केला. हे जरूर करावे. वैयक्तिक वापराच्या आयातीचे शीर्षक वेगळे असते आणि चुकून त्याखाली आकारणी झाली तर कर बराच वाढतो. मध्ये गुड फ्रायडे आला, पुढच्या शुक्रवारी आंबेडकर जयंती आली. माग काढण्याच्या पानावर नऊ दिवस तेच एक वाक्य होते आणि मी ते दिवसातून आठ वेळा वाचत होतो.

२१ एप्रिलला, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, डबा घरी आला. १८ टक्क्यांप्रमाणे एकात्मिक वस्तू व सेवा कर १,१४५ रुपये आणि कुरिअरचे सोडवणुकीचे शुल्क ५९० रुपये दारात भरावे लागले. सगळे मिळून ८,०९५ रुपये. दुसऱ्या दिवशी घरात सोन्याचा विषय निघाला तेव्हा मी गप्प राहिलो.

जोडणीला दोन रविवार लागले. दहा कपॅसिटर मी अ‍ॅक्रिलिकच्या ७५ सेंटिमीटर लांब पट्टीवर एका सरळ रेषेत बसवले. जागा वाचवण्यासाठी ओळ दुमडण्याचा मोह होतो, पण दुमडली की पहिले आणि शेवटचे टोक शेजारी येते आणि त्यांच्यात पूर्ण १२,७०० व्होल्ट असतात. सोल्डरचे प्रत्येक टोक गोल आणि गुळगुळीत ठेवले, कारण अणकुचीदार टोकावरून वीज हवेत झिरपते. प्रत्येक कपॅसिटरला समांतर असा रेझिस्टरही जोडला, म्हणजे यंत्र बंद केल्यावर आतला भार आपोआप उतरावा. येथेही तोच धडा पुन्हा भेटला : रेझिस्टरलाही दाबाची मर्यादा असते. अर्ध्या वॅटचा साधा रेझिस्टर साधारण ३५० व्होल्टपर्यंतच विश्वासाचा आणि एका कपॅसिटरवर शिखराला १,२७० येतात. म्हणून २.७ मेगाओहमचे चार-चार एकसर लावले. चाळीस रेझिस्टर, ऐंशी टाके. भार उतरण्याचा कालांक १.६ सेकंद येतो, म्हणजे आठेक सेकंदांत कपॅसिटर जवळजवळ रिकामा होतो.

जवळजवळ या शब्दावर मी विसंबत नाही. पूर्ण भरलेल्या या ओळीत सुमारे सव्वा ज्यूल ऊर्जा असते आणि ती छातीतून गेली तर जीवघेणी ठरू शकते; ट्रान्सफॉर्मरचा चालू प्रवाह तर त्याहून वाईट. म्हणून मीटरभर पीव्हीसीच्या नळीच्या टोकाला तांब्याचा आकडा आणि त्याला जमिनीची तार, अशी काठी केली आहे. वीज बंद, प्लग उपसून हातात, दहा सेकंद, मग काठी दोन्ही टोकांना, मग दोन टोकांत आखूड तार अडकवायची आणि त्यानंतरच हात लावायचा. हा क्रम मी मुलीकडून मोठ्याने वाचून घेतो. जमिनीच्या तारेसाठी घराचे अर्थिंग न वापरता बागेच्या कोपऱ्यात चार फुटी लोखंडी नळी वेगळी ठोकली आहे.

परवानगीचेही लिहिले पाहिजे. फेब्रुवारीतल्या वासानंतर सोसायटीच्या सचिवांनी लेखी अर्ज मागितला होता आणि ते योग्यच होते. अर्जात दिवस, वेळ, एकूण कालावधी, वीज माझ्याच मीटरवरून घेतल्याचा उल्लेख आणि दहा मीटरचे वर्तुळ आखण्याची हमी दिली. समितीच्या बैठकीत तो ठेवायला तीन आठवडे लागले. बैठकीत एका आजोबांना पेसमेकर असल्याचे कळले, जे मला आधी ठाऊकच नव्हते. अशा यंत्राच्या आसपास पेसमेकर असलेली व्यक्ती असता कामा नये. त्यांचे चिरंजीव त्या संध्याकाळी त्यांना बहिणीकडे घेऊन गेले. अर्ज मागितला गेला नसता तर हे मला समजलेच नसते.

१४ मे रोजी साडेसहाला मीटरवर ओळ १४.९ नॅनोफॅरड भरली. प्रायमरीचे किती वेढे वापरायचे ते ठरवणारा चिमटा हिशेबाने साडेदहाव्या वेढ्यावर हवा होता. तिथे जिभा २५ सेंटिमीटरच्या आल्या. थांबून, काठी लावून, चिमटा पाव वेढा सरकवला, ३८ झाल्या. पावणेअकराच्या थोडे पुढे ४८ सेंटिमीटरवर त्या स्थिरावल्या आणि त्यापुढे कमी होऊ लागल्या. या ट्रान्सफॉर्मरवर कुशल मंडळी याहून बऱ्याच लांब जिभा काढतात; माझ्या स्पार्क गॅपमध्ये अजून पुष्कळ सुधारणा हवी आहे. पण त्या संध्याकाळी माझे लक्ष जिभांकडे कमीच होते. मिनिट संपल्यावर सगळे उपचार करून तापमानाची बंदूक दहाही कपॅसिटरांवर फिरवली. बाहेरची हवा ३४ अंश, कपॅसिटर ३५ ते ३६. मी दोनदा मोजले. तिसऱ्यांदा मुलीने मोजले.

जूनमध्ये हवा दमट झाल्यावर कॉइल गुंडाळून कपाटाच्या वर ठेवली, कारण ओल्या हवेत धुगधुगी वाढते आणि टाके हिरवे पडतात. दिवाळीच्या सुट्टीत ती खाली काढून ओळ पुन्हा मोजली : १४.९. दोन टोकांतली आखूड तार मी जूनमध्ये लावली होती तशीच होती, आणि मोजून झाल्यावर ती पुन्हा तिथेच अडकवली.